फारलूमची चढण: बाइलवॉटरमध्ये पाय टाकण्याआधी हे वाचा

काल रात्री पावणेदोनला ग्रोल, म्हणजे या खेळातल्या बाइलवॉटर नावाच्या दलदलीतला बॉस, पडला. कंट्रोलर खाली ठेवला तर अंगठा सरळ होईना. अजूनही हात जड आहे, पण लक्षात आहे तोवर लिहून टाकतो, कारण मला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं आणि त्यापायी माझ्या नऊ रात्री आणि सातशे चाळीस मणी गेले.

हे 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'बद्दल आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या छोट्याशा चमूचा हा खेळ. 2019 च्या फेब्रुवारीत जाहीर झाला आणि 4 सप्टेंबर 2025 ला हाती आला. पहिला 'हॉलो नाइट' तुम्ही खेळला आहात, उडी मारून खाली वार करत उसळत जाणं तुम्हाला जमतं, हातात धड कंट्रोलर आहे आणि टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड (बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलू नये म्हणूनची टीव्हीची सेटिंग) चालू आहे, असं मी धरून चालतो. तसं नसेल तर आधी तो पहिला खेळ पुरा करा. इथे कुणी हात धरून शिकवत नाही.

पहिल्या खेळात आपण खाली खाली उतरत जातो. इथे चढायचं आहे. आपण जिला खेळवतो त्या हॉर्नेटला पकडून फारलूम नावाच्या राज्यात आणलंय, आणि तळापासून वर सिटाडेल या पवित्र नगरापर्यंत तिला जायचंय. ही वाट यात्रेकरूंची आहे. जागोजागी वर निघालेले किडे भेटतात. कुणी थकून बसलंय, कुणी वाटेतच मेलंय, कुणाचं डोकं फिरलंय आणि ते आता आपल्यावरच धावून येतात. या राज्यातलं चलन म्हणजे जपाच्या माळेचे मणी.

मी हडपसरचा. पालखी पुण्याहून सासवडकडे निघते तेव्हा आमच्या दारावरून जाते. लहानपणापासून त्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटलेत. दिवेघाटाआधी पाय चेपून देणारे, चपला शिवून देणारे, चहा देणारे लोक पाहिलेत. चालणाऱ्याकडून टेकायचे पैसे घ्यायचे, ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. म्हणून फारलूममध्ये विसाव्याच्या बाकासमोर मणी टाकायची पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खरंच चिडलो. बाक म्हणजे इथे सगळं काही. तिथेच जीव भरतो, खेळ सेव्ह होतो, साधनं बदलता येतात, आणि मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरुवात होते. काही बाक एकदा मणी दिले की कायमचे उघडतात, ते मी समजू शकतो. पण सिटाडेलच्या पोटातल्या अंडरवर्क्समधला बाक दर वेळी 15 मणी मागतो. बसलात, उठलात, परत बसायचंय तर पुन्हा 15. तिथे राबणाऱ्या किड्यांची अवस्था पाहिली की या पेटीचा राग आणखी वाढतो. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय हे मला कळतं. सिटाडेलने भक्तांना कसं पिळलंय ते हातातले मणी कमी होताना जितकं कळतं, तितकं कुणाच्या सांगण्याने कळलं नसतं. तरीही रात्री बारा वाजता खिशात 11 मणी असताना त्या बाकासमोर उभं राहणं त्रासाचंच आहे. 15 मणी राखूनच अंडरवर्क्समध्ये उतरा.

आता मण्यांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. मेलात की सुटे मणी सगळे त्या जागी कोशात अडकून राहतात. तिथवर परत पोचण्याआधी पुन्हा मेलात तर ते गेले. ओवलेली माळ मात्र जवळ राहते. काही ठिकाणी 80 सुटे मणी दिले की 60 मण्यांची माळ मिळते, म्हणजे चारातला एक मणी ओवणावळीत जातो. मला हे लुटीचं वाटलं आणि मी ओवल्या नाहीत. 740 मणी सुटे घेऊन फिरत राहिलो. ओवले असते तर नऊ माळा झाल्या असत्या, 540 मणी शाबूत राहिले असते आणि वर 20 सुटे. नव्या भागात शिरण्याआधी ओवा. दर महाग आहे, तरी ओवा. आणि रानटी किड्यांना मारून मणी मिळत नाहीत, ते फक्त यात्रेकरू आणि सिटाडेलच्या नोकरांकडे असतात. त्यामुळे गेलेले मणी परत जमवायला मागे जाऊन त्याच त्या वाटेवर तासन्‌तास घालवावे लागतात.

दुसरा हिशेब जिवाचा. सुरुवातीला पाच मास्क, म्हणजे जिवाचे पाच घटक, असतात. इथे पुष्कळ शत्रू आणि काटेसुद्धा एका फटक्यात दोन मास्क घेतात. म्हणजे पाच असोत की सहा, तिसऱ्या फटक्याला खेळ संपतो. चार तुकडे शोधून सहावा मास्क मिळवला की वाटतं आता जमेल. जमत नाही. फरक सातव्याने पडतो. शत्रूंवर वार करून रेशमाची रीळ भरली की ती खर्चून एकदम तीन मास्क भरता येतात, पण त्यासाठी थांबायला क्षणभर जागा लागते. ती जागा आधी हेरा, मगच बटण दाबा.

मॉस ग्रोटो, मॅरो, फार फील्ड्स हे सुरुवातीचे भाग सुरळीत पार पडतात. बेलहार्ट हे गाव सुंदर आहे, तिथे सुईला, म्हणजे हॉर्नेटच्या शस्त्राला, मिळणारी पहिली धार फुकट आहे, ती लगेच लावून घ्या. हंटर्स मार्चमधल्या बाकावर डोळे मिटून बसू नका, तो सापळा आहे. आधी आजूबाजूला नीट पाहून तो निकामी करा. चार-पाच तास जीव मुठीत धरून चालल्यावर समोर बाक दिसतो, माणूस धावत जाऊन बसतो, आणि वरून काटे येतात. माझ्याबरोबर खेळ बघत बसलेली बहीण ओरडलीच.

आता मूळ दुखणं.

सिटाडेलच्या दारावर लास्ट जज नावाचा राखणदार बॉस उभा आहे. ब्लास्टेड स्टेप्सच्या टोकाला, वाळूच्या वाऱ्यातून दर वेळी चढून त्याच्यापर्यंत जावं लागतं. दोन रात्री मी तिथे अडकलो होतो. तेव्हा एका मित्राने सांगितलं, जजला सोड, खालून सिनर्स रोडने दुसरी वाट आहे, सोपी आहे. दुसरी वाट आहे हे खरं. सोपी आहे हे त्याने स्वतः न जाता सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मी सिनर्स रोडने निघालो, धुक्याकडे जाणारी वाट हुकलो आणि बाइलवॉटरमध्ये जाऊन पडलो. सहा मास्क, एकच धार, नकाशा नाही, आणि सुटे 740 मणी.

बाइलवॉटर ही दलदल आहे, आणि तिच्या पाण्यात अळ्या आहेत. त्यात पाय पडला की त्या हॉर्नेटच्या अंगाला चिकटतात. अंगावर अळ्या असेपर्यंत रेशीम आपोआप भरत नाही. बरं व्हायला जावं तर रीळ अळ्या झटकण्यातच खर्च होते, मास्क एकही भरत नाही. स्वच्छ पाण्यात बुडी मारली तर अळ्या जातात, पण तसं पाणी हवं तिथे नसतं. वर झाडाझुडपांत मुखवटे घातलेले शिकारी लपलेले. ते फेकून मारतात, आपण चुकवायला मागे उडी घेतो आणि पाण्यात पडतो. पाण्याबाहेर पाय ठेवावा तर तिथे त्यांनी लावलेला सापळा. मी दुसऱ्याच खोलीत मेलो, कोशाकडे परत जाताना पहिल्याच खोलीत मेलो, आणि मणी गेले. रात्रीचे साडेबारा वाजले होते. खेळ बंद करून गच्चीवर जाऊन बसलो.

या टप्प्यावर माझं स्पष्ट मत: तिथून मागे फिरा. लास्ट जज शिकता येतो. त्याचे वार मोजके आहेत, मैदान सपाट आहे, पायाखाली पाणी नाही. मरताना तो फुटतो आणि जवळ असलात तर तुम्हालाही घेऊन जातो, तेवढं लक्षात ठेवून शेवटच्या वारानंतर लांब पळा. मी परत जाऊन तिसऱ्या संध्याकाळी त्याला पाडला.

सिटाडेल उघडल्यावर माझ्या डोक्यात बाइलवॉटरच होतं. पहिला शेवट गाठायला तिथे जावंच लागत नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवा. मला जायचंच होतं. दुसऱ्यांदा गेलो आणि तळाशी ग्रोलपर्यंत पोचलो. ग्रोल एकटा येत नाही. आधी त्याच्या लोकांच्या लाटा, त्या संपल्या की तो, आणि आखाड्यातही तेच अळ्यांचं पाणी. मेलो की लांबच्या बाकावरून पूर्ण दलदल पुन्हा ओलांडायची. सहा रात्री मी हे केलं. प्रत्येक खेपेला साधनं वापरून टाकली, ती भरायला लागणारे कवचाचे तुकडे संपले, मग तुकडे गोळा करत फिरलो. वाट तोंडपाठ होईपर्यंत साधनांना हात लावू नका, सुईवरच भागवा.

आणि मग कळलं की अलीकडेच एक बाक आहे. भिंतीमागे लपवलेला. भिंत बाकीच्या भिंतींसारखीच दिसते, सुईने फोडावी लागते. सहा रात्री मी त्याच्या जवळून धावत गेलो होतो. ग्रोलच्या दिशेने जाताना घाई न करता प्रत्येक आडोशाला आणि भिंतीला एकेक वार करत चला. तो बाक सापडल्याशिवाय ग्रोलशी एकही लढत सुरू करू नका. हा एक सल्ला पाळलात तरी माझं लिहिणं वसूल झालं.

बाकी तयारीचा क्रम माझ्या मते असा हवा होता. सिटाडेलनंतर आधी स्लॅब या तुरुंगामार्गे माउंट फे हा बर्फाळ डोंगर. तिथे थंडीने जीव गोठत जातो, ऊब देणाऱ्या दिव्यापासून दिव्यापर्यंत न थांबता चढायचं असतं, पण तिथला प्रत्येक मृत्यू आपल्या चुकीचा असतो. माथ्यावर दुहेरी उडीचं वस्त्र मिळतं. पहिल्यांदा ती दुसरी उडी घेतली तेव्हा मी खोलीत एकटा असून हसलो. मग प्युट्रिफाइड डक्ट्स या भागातून रीथ ऑफ प्युरिटी हे साधन आणा, त्याने अळ्या अंगाला धरून राहत नाहीत. पिसवांचा काढा जवळ असेल तर त्यानेही अळ्या जातात. सुईला आणखी धार आणि निदान सातवा मास्क. एवढं घेऊन परवा बाइलवॉटरला गेलो तर तीच दलदल मी वरच्यावर पार केली, पाण्याला पाय लागला तो एकदाच. लपलेल्या बाकावर बसलो, आणि कालच्या चौथ्या खेपेला ग्रोल गेला. मित्राचं ऐकलं नसतं तर बहुधा एका रात्रीत झालं असतं.

खेळ बाहेर आल्यावर लवकरच त्यात सुधारणा झाली. सुरुवातीचे दोन बॉस थोडे मवाळ झाले आणि काही बाकांचे, झटपट प्रवासाच्या घंटावाटेच्या थांब्यांचे दर उतरले. त्यामुळे पहिल्या आठवड्यात खेळलेल्यांनी सांगितलेल्या किमती तुम्हाला दिसणार नाहीत. बाइलवॉटरचा त्रास मात्र मला पुरेपूर झाला.

एक गोष्ट राहिली. शर्मा नावाचा एक छोटा यात्रेकरू आहे. खाली मॅरोमध्ये बंद दरवाजासमोर तो हातातलं वाद्य किणकिणत गात बसलेला असतो. दरवाजा आपण खटका ओढून उघडतो, त्याला वाटतं गाण्याने उघडला. मी त्याला तिथे सोडून पुढे गेलो आणि विसरलो. पुढे ब्लास्टेड स्टेप्सवर, जजच्या हातून मरून मरून वैतागलेला असताना, वाऱ्यातून तेच किणकिणणं ऐकू आलं. इतक्या वर तो एकटा चढून आला होता, तसाच गात. टाळ वाजवत शेवटी चालणारे म्हातारे आमच्या दारावरून जायचे, दिंडी पुढे निघून गेलेली असायची, तरी त्यांचा ठेका तोच असायचा. मी त्याच्याशेजारी दोन मिनिटं कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसतं ऐकत बसलो. तो दिसला तर थांबा.

आज रात्री सिटाडेलमधला हाय हॉल्स हा भाग. तिथल्या लाटा ग्रोलच्या लाटांपेक्षा वाईट आहेत असं दोघांनी सांगितलंय, आणि या वेळी दोघेही स्वतः जाऊन आलेले आहेत. सुटे मणी 30 ठेवलेत, बाकी सगळे ओवून घेतले.