रोजचा भाग

परदेशातल्या राहण्यावर रोज एक व्हिडिओ करायचा म्हटलं की खरी गोची अशी होते, की इथला निम्मा वेळ वाट बघण्यात जातो आणि वाट बघणं कॅमेऱ्यात पकडता येत नाही. इथे राहण्याच्या परवान्याची वाट, टपालाने येणाऱ्या पत्राची वाट, घरमालकाच्या उत्तराची वाट. भाड्याने घर घ्यायला बँकेचं खातं हवं आणि खातं उघडायला घराचा पत्ता हवा, या चक्रात नव्याने आलेला माणूस आठवडेच्या आठवडे फिरतो. माझ्या व्हिडिओत ते सगळं तीन कटमध्ये संपलं. पहिल्या कटमध्ये हातात फाइल, दुसऱ्यात बंद दार, तिसऱ्यात किल्ली. बघणाऱ्याला वाटलं असेल, किती पटकन झालं हिचं!

आज संध्याकाळी एडिट करताना हेच डोक्यात घोळत होतं. दिवसभरात शूट केलेलं सगळं पुन्हा बघितलं. त्यातलं जे खरोखर इथल्या राहण्यासारखं होतं ते कापलं, कारण त्यात काहीच घडत नव्हतं. उरलं ते चालणं, जिना चढणं, खिडकीतून दिसणारा पाऊस आणि माझं बोलणं.

सुरुवातीला विषय शोधावे लागत नव्हते. कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे, बटण दाबल्याशिवाय न उघडणारं बसचं दार, रस्ता ओलांडताना चुकीच्या बाजूला वळणारी माझी मान, सगळ्याचे भाग झाले. आता ते डबे मला दिसतही नाहीत. कुठला कचरा कुठे टाकायचा हे हाताला माहीत झालंय. पण रोजच्या भागाला नवलाई लागते, म्हणून कधी कधी मी कॅमेऱ्यासमोर अशा गोष्टीचं आश्चर्य करते जिचं मला आता काही वाटत नाही. एखादी जागा आपलीशी होण्यात जे सुख असतं, त्याच्या नेमकं उलट हे काम आहे. रोज नव्याने पाहुणी व्हायचं!

आणि तरी आपल्या जगण्याचे व्हिडिओ टाकण्याच्या या प्रकाराचा (व्लॉग म्हणतात त्याचा) उगमच घर सोडण्यात आहे. अॅडम कॉन्ट्रास नावाच्या माणसाने २ जानेवारी २००० रोजी आपल्या ऑनलाइन नोंदींना एक छोटा व्हिडिओ जोडला. तो तेव्हा लॉस एंजेलिसला राहायला निघाला होता आणि घरच्यांना, मित्रांना प्रवासाची खबर द्यायची होती. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ त्यानंतर पाच वर्षांनी आला, २३ एप्रिल २००५ ला. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक मुलगा १९ सेकंद बोलतो, बस्स. मला तो आजही आवडतो, कारण त्यात काही घडत नाही आणि त्याबद्दल त्याला काही वाटतही नाही. पुढे केसी नाइस्टॅट या अमेरिकी यूट्यूबरने मार्च २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधून रोजचे व्हिडिओ सुरू केले आणि 'रोज' हीच एक कारागिरी होऊन बसली. त्याचा हात सिनेमावाल्याचा होता. त्यानेही नोव्हेंबर २०१६ मध्ये ते थांबवलं. का थांबवलं असेल, याचं मला कधी कोडं पडलं नाही.

तांत्रिक कटकटींपैकी एक मात्र खास परदेशात आलेल्यांच्या वाट्याची आहे. विजेची वारंवारता काही देशांत ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं) असते, काहींत ६०. (जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, एकाच देशात.) दिवे त्याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. ६० हर्ट्झच्या देशात बसवलेली शटरच्या वेगाची (एकेक चित्र टिपायला लागणाऱ्या वेळेची) सवय घेऊन ५० च्या देशात आलं की ऑफिसच्या दिव्यांखाली चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागतात. इलाज सोपा आहे, शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवायचं. पण हा इलाज कळेपर्यंत माणसाला वाटतं, आपला कॅमेराच बिघडला. देश बदलला की भिंतीतल्या विजेचीही सवय करून घ्यावी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी काम म्हणजे हमाली. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या दराने फोरके (खूप बारकाव्याचा व्हिडिओ) शूट केलं की तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. ते कार्डावरून उतरवायचं, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवायची, मग कापायला बसायचं. दहा मिनिटांच्या भागात संध्याकाळ आणि रात्रीचा बराचसा भाग जातो. वाऱ्याचा आवाज माइकवर केसाळ टोपी घातल्याशिवाय आवरत नाही. दुकानात मागे वाजणारं गाणं राहिलं तर कॉपीराइटचा दावा येतो, मग तेवढा तुकडा मुका करा. बाहेर फिरून जे मिळवलं ते बघायला घरात कोंडून घ्यायचं, आणि पुन्हा बाहेर पडायचं ते कॅमेऱ्यासाठी. यात या देशाची भाषा शिकायची कधी? वर्गातले बाकीचे माझ्या पुढे गेलेत.

लोकांच्या चेहऱ्यांचा प्रश्न वेगळाच. इथले माझे शेजारी चांगले आहेत, पण ते माझे विषय नाहीत. जर्मनीत माणसाच्या स्वतःच्या चित्रावरच्या हक्काचा कायदा १९०७ पासून आहे. १८९८ मध्ये दोन छायाचित्रकारांनी जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क याच्या शयनगृहात घुसून त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला, त्या प्रकरणातून तो आला. हे वाचल्यापासून रस्त्यावर कॅमेरा वर करताना मला ते दोघे आठवतात. मी आता चेहऱ्यांऐवजी हात, पिशव्या, पाठी घेते. मुलं असली तर कॅमेरा खाली. आणि माझ्या इमारतीचा दरवाजा कधीच नाही. एखाद्या जागेचा भाग मी तिथून निघाल्यावरच टाकते.

पैशांचं थोडक्यात. यूट्यूबवर जाहिरातीची कमाई सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं जाणं लागतं (किंवा छोट्या व्हिडिओंचा वेगळा हिशेब). ते जमलं तरी व्हिसाचा कागद काढून वाचावाच लागतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि बऱ्याच देशांत नोकरीचा व्हिसा त्या एका नोकरीलाच बांधलेला असतो. शिवाय अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर. मी त्या देशात पाऊलही ठेवलेलं नाही, तरी तिथला फॉर्म भरलाय.

पण मला आज खरं तर आईबद्दल लिहायचं होतं.

आई रोजचा भाग बघते, उठल्या उठल्या. त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं आटलंय. मी काही सांगायला लागले की ती म्हणते, "अगं, ते बघितलं मी." मग ती तिकडच्या दोन गोष्टी सांगते आणि ठेवते. मी काय केलं हे तिला माहीत असतं, मी कशी आहे हे विचारायचं राहून जातं, कारण व्हिडिओत मी नेहमी बरी असते. मागच्या आठवड्यात अंगात ताप होता. बाहेर पडले नाही, जुन्या न वापरलेल्या तुकड्यांवर नवं बोलणं चढवून भाग काढला. आवाजही संगणकावर थोडा उजळ करून घेतला. कुणाला काही कळलं नाही.

आईचा फोन दुपारी आला. "हे कालचं नाही ना गं? केस एवढे लांब नाहीत तुझे आता."

मी म्हटलं, "जुनं आहे."

"मग काल काय झालं?"

त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. तापाबद्दल, परवान्याबद्दल, वर्गात मागे पडण्याबद्दल, शेजारणीने दाराशी आणून ठेवलेल्या औषधाबद्दल. यातलं एकही वाक्य रेकॉर्ड झालेलं नाही आणि त्याच्याएवढा चांगला भाग मी आजवर केलेला नाही. (हे दोन्ही मला त्याच वेळी सुचलं, एवढी ही सवय वाईट.)

तेव्हापासून एक बदल केलाय. आठवड्यातले दोन दिवस भाग नाही. प्रेक्षक घटतील, घटू देत. ज्यांना परदेशी यायचंय त्यांच्यासाठी मी वाट बघण्याचाही एक भाग करणार आहे, न कापलेला. खुर्ची, क्रमांकाची चिठ्ठी, फलकावर सरकणारे आकडे. कंटाळा येईल, येऊ दे. येणाऱ्याने तो बघून यावं.

तो उद्या मात्र होणार नाही. उद्या सकाळी आठला परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ मिळालीय आणि त्या कार्यालयात कॅमेरा चालत नाही, दारावरच लिहिलंय. पासपोर्ट, भाडेकरार, पगाराच्या पावत्या, विम्याचा कागद, दोन फोटो. फोटो अजून काढायचेत.