बोटीतला वास आणि 38 मि.मी.चा होज

गंगापूर धरणाच्या जलाशयावरील एका खासगी बोटीचे मालक शौचालयाच्या वासाची तक्रार घेऊन आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये आले, तोवर दोघा प्लंबरांनी टाकीत फिनेल ओतून त्यांच्याकडून पैसे घेतले होते. हे पाणी नाशिककर पितात. त्यामुळे बोटीतला मैला टाकीत साठवून काठावर सक्शन टँकरने उपसावा लागतो.

आधीच्या कारागिराने कमोडपासून टाकीपर्यंत द्राक्षबागेच्या पंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप टाकला होता, आणि मधे आधार न दिल्याने तो झोळ खाऊन त्यात मैला कायमचा साचून राहिला होता. गळती थेंबभरही नव्हती. मी एक फडके गरम पाण्यात पिळून त्या झोळाभोवती गुंडाळले आणि निवल्यावर मालकांच्या हाती दिले. त्यांनी ते नाकाशी नेले आणि लगेच फेकून दिले. मऊ पीव्हीसीतून पाणी झिरपत नसले तरी वास झिरपतो, हे मग वेगळे समजावावे लागले नाही.

कडक यूपीव्हीसीतून वास बाहेर येत नाही, म्हणून लांब सरळ भाग मी त्याचा केला आणि टाकीकडे सलग उतार दिला. मात्र इंजिनाच्या थरथरीने सांधे तडकू नयेत यासाठी दोन्ही टोकांना मैल्यासाठीच बनवलेल्या रबरी होजचे, म्हणजे लवचीक नळीचे, आखूड तुकडे ठेवले. खरी डोकेदुखी मापाची होती. आपल्याकडे यूपीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासावर विकला जातो, येथे 40 मि.मी.; बोटीचा होज मात्र आतल्या व्यासावर, म्हणजे 38 मि.मी. ‘गरम करून ठोका, बसतो,’ हा दुकानदारांचा ठरलेला सल्ला ज्याला बोटीत झोपायचे नाही त्यालाच परवडतो. मी शेजारच्या लेथवर पीव्हीसी रॉडमधून जोडतुकडे कातून घेतले: एक बाजू पाइपावर सॉल्व्हेंटने चिकटणारी, दुसरी होजमध्ये आवळून बसणारी, आणि कागद अडकू नये म्हणून आतली कड निमुळती घासलेली. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावल्या, त्याही स्क्रूला चुंबक लावून पाहिल्यावरच. कारण बाजारातल्या कित्येक क्लिपांची पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साधा मुलामा दिलेला असतो, आणि आधी गंजतो तो स्क्रूच.

टाकी 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची होती. इंटीरियरवाल्यांना चकाकी हवी असते, पण लघवीतले क्षार वेल्डिंगच्या रेषेवरच स्टील खातात, आणि तिथे ओल दिसू लागली होती. तिच्या जागी जाड भिंतीची पॉलिथिलीनची टाकी बसवली.

टाकीच्या व्हेंटवर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीवर, मात्र आमचे जमले नाही. आत हवा भरपूर खेळली तर मैला कुजताना सडक्या अंड्यांचा वास धरत नाही, म्हणून मी 25 मि.मी.चा, शक्य तितका आखूड व्हेंट सांगितला होता. परंतु बोटीच्या पॉलिश केलेल्या बाजूला मोठे भोक नको म्हणून मालकांनी जुनाच 12 मि.मी.चा ठेवायला लावला. बिलावर तसे लिहून मी त्यांची सही घेतली आहे.