ग्राइंडिंग आज आलंच नाही

सोमवार, रात्री उशिरा

सकाळी सातच्या शिफ्टला ग्राइंडिंग खात्यात फक्त सुपरवायझर आणि दोन हेल्पर. प्रेस शॉपही अर्धं रिकामं. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टाइम ऑफिस, म्हणजे हजेरीचं खातं, सांभाळणाऱ्याला पातळ हजेरीचे दिवस तोंडपाठ असतात. तान्ह्या पोळ्याला मारबत पाहायला निम्मं शहर रस्त्यावर असतं, रोवणीला भंडारा-गोंदियाकडची पोरं गावी पळतात. ते धरूनच आम्ही माल लावतो. पण आज पौषातला सोमवार, लग्नसराईसुद्धा नाही. ज्यांनी फोन उचलला त्या सगळ्यांचं एकच दुखणं, "पोट बिघडलं साहेब." एवढी पोटं एका रात्रीत बिघडायला आदल्या दिवशी कुठे जेवणावळही नव्हती.

वरच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, आठ दिवसांचा पगार कापता येतो ना? दहा किंवा जास्त लोक ठरवून, सूचना न देता, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतची कपात १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे, हे खरं. पण सूचना द्यायची अट नेमणुकीच्या करारात असावी लागते, आणि आमचे निम्मे लोक ठेकेदाराचे. त्यांचा करार मी तरी डोळ्यांनी पाहिलेला नाही. दुसरे साहेब २०२० ची औद्योगिक संबंध संहिता घेऊन बसले: निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली की तो संपच. असेल. संप म्हटल्याने कारण कळतं का?

मी खाली येऊन महिन्याची पंचिंग, म्हणजे गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनवरची हजेरी, काढली. सात वाजून पाच मिनिटांनंतर पंच झाला की अर्धा दिवस कट, हा नवा नियम. कट झालेल्यांत ग्राइंडिंगवाले सगळ्यात जास्त, त्याखालोखाल प्रेस शॉप. गेटवर मशीन एकच.

संध्याकाळी वानाडोंगरीला एका जुन्या ग्राइंडरच्या घरी गेलो. चहा आला. त्याने अंगठा माझ्यापुढे धरला. एमरीने घासून गुळगुळीत झालेला, वर थंडीची भेग.

"पाहा ना साहेब, रेषाच नाही राह्यल्या. कपाळावर घासतो, केसाचं तेल लावतो, तरी मशीन घेत नाही. मागं लाइन लागते, पोरं शिव्या देतात. पावणेसातपासून गेटवर उभा, अन् पगारात अर्धा दिवस गायब. मंग पूर्णच नाही आलो तं काय बिघडलं?"

"ठरवलं कोणी?"

"कोनी नाही ठरवलं. शनिवारी पगाराच्या स्लिपा वाटल्या ना तुम्ही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो हिशेब चुकीचा नव्हता.

परतताना गांधीसागर तलावाजवळून आलो. एम्प्रेस मिल या जुन्या कापडगिरणीच्या जागी आता मॉल आहे. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून झालेला संप देशातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांत धरतात. सुरुवातीला रोज साधारण पाचवा हिस्सा कामगार यायचेच नाहीत. तेव्हा दंडाचा बडगा उगारण्यापेक्षा बक्षिसं दिली गेली, १८८६ ला पेन्शन फंड आला. दानधर्म म्हणून केलं असं मला वाटत नाही; माग बंद राहिला तर तोटा मालकाचाच.

रात्री प्लांट हेडना फोन केला. दुसरं मशीन, तेही चेहरा ओळखणारं, पंधरा मिनिटांची सूट, आणि ज्याचा अंगठा उमटत नाही त्याची नोंद गेटवरच्या रजिस्टरात. इतकं मान्य झालं. कापलेले अर्धे दिवस परत द्यायला मात्र ते तयार नाहीत, "पायंडा पडेल" म्हणाले. उद्या त्यांना महिन्याचा कापलेला एकूण आकडा आणि आज बंद राहिलेल्या ग्राइंडिंगचा तोटा शेजारी शेजारी लिहून दाखवणार आहे. आणि गैरहजेरीच्या नोटिसा मी अजून टाइप केलेल्या नाहीत.