राखी न बांधलेला मित्र

माझ्या मित्राला मी राखी बांधत नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचे गाळे शेजारीशेजारी आहेत. त्याचं लेथचं काम, माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं. माझ्याकडे आलेल्या मोटरचा शाफ्ट घासलेला निघाला की तो त्याच्याकडे जातो, त्याच्या मशिनची मोटर जळली की ती माझ्या टेबलावर येते. आणि पहाटे आम्ही सोबत पळायला जातो. या गावात पळणाऱ्यांची कमी नाही, त्यामुळे पळण्याचं कुणाला काही वाटत नाही. पण तो बायकोमुलांचा आणि मी एकटी, याचं वाटतं. मावशीने एकदा प्रेमानेच सुचवलं, "राखी बांधून टाक गं त्याला, लोकांची तोंडं बंद होतील."

मला सख्खा भाऊ आहे. त्याला मी राखी मनापासून बांधते. याला बांधली असती तर ती लोकांना दाखवायला बांधली असती. तो माझा भाऊ नाही, मित्र आहे, आणि त्याच्या बायकोलाही हे नीट कळतं. रविवारी पळून आलो की पोहे तिच्याच हातचे असतात.

लोक दुसरीही एक पळवाट सुचवतात, ती मला राखीपेक्षा जास्त टोचते. "ही कुठं बाई आहे, ही आपल्यातलाच गडी!" हे कौतुक म्हणून बोललं जातं. लहानपणापासून ऐकते आहे. वडिलांच्या दुकानात शाळेच्या दप्तरासकट बसून मी जळलेल्या कॉइली काढायची. केस आखूड, अंगात शर्टपँट, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेलं की घरी कधी जायचं हा एकच प्रश्न. कॉलेजच्या वयात मी स्वतःला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की मी खरंच मुलगी आहे का? तेव्हा विचारायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून वहीत लिहीत बसायची. उत्तर हळूहळू आलं. माझ्या आवडी मुलांच्या खात्यात टाकलेल्या होत्या, पण माझं शरीर मला कधी परकं वाटलं नव्हतं. पाळीचा त्रास व्हायचा, तरी 'हे माझं नाही' असं मनात आलं नाही. मला मुलगा व्हायचं नव्हतं. मला मोटरी दुरुस्त करायच्या होत्या.

हे उत्तर माझ्यापुरतं. आमच्या पळणाऱ्यांत एक तरुण पोरगा आहे, त्याला घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलं. त्यानेही स्वतःला हाच प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर माझ्या उलट आलं. त्याला यंत्रांत काडीचा रस नाही, रांगोळी मात्र देखणी काढतो. आवडीनिवडींवरून ठरवायला बसलं असतं तर आम्हा दोघांचीही अदलाबदल झाली असती. त्याने मला सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला, कारण स्वतःला असं विचारताना रात्री कशा जातात ते मला माहीत आहे.

तर मी बाई आहे, आणि यवतेश्वरच्या घाटात ते लपत नाही. सपाटीला आम्ही बरोबरीने पळतो. चढ लागला की तो पुढे निघून जातो. आमचं वय जवळपास सारखं, सराव सारखा, आहारात फरक असलाच तर माझा जास्त शिस्तीचा. तरी जातो. पुरुषांमध्ये वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्याने स्नायू वाढतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, रक्तात हिमोग्लोबिन जास्त राहतं. जागतिक आरोग्य संघटना पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणते, गरोदर नसलेल्या बाईच्या बाबतीत ही रेषा १२ ला आहे. त्यात दर महिन्याला रक्त जातं ते वेगळं. मी लोहाच्या गोळ्या घेते, तो घेत नाही. दहाबारा वर्षांची मुलं-मुली पळाली तर फारसा फरक दिसत नाही, पुढे तो वाढत जातो आणि मग सरावाने मिटत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला आपल्याच मातीत दिसतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. पात्रता फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने त्याच प्रकारात २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटं ९.९१ सेकंद वेळ दिली. दोघांमध्ये जवळपास ७० सेकंद. शिवाय पुरुषांचे अडथळे ९१.४ सेंटिमीटर उंच असतात, बायकांचे ७६.२. ललिता कष्टाला कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती होईल? माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. पी. टी. उषा १९८४ साली लॉस एंजेलिसला गेली त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरीतून अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई म्हणजे ललिता, मधे ३२ वर्षं. हे दिसावं म्हणूनच बायकांची शर्यत वेगळी लागते. ती नसती तर ललिता आपल्याला दिसलीच नसती.

म्हणून सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये कुणी मला "बायकांच्या गटात छान वेळ" म्हणालं तर मला अजिबात वाईट वाटत नाही. ते घड्याळाचं खरं वाचन आहे. हेच वाक्य गाळ्यात आलं तर मात्र मी ऐकून घेत नाही. "बाईच्या मानाने काम चोख आहे हो." वाइंडिंगला कसला आलाय बायकांचा गट? मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला की तारेवरचं वीजरोधक आवरण बरोबर आहे की नाही ते कळतं, ते कुणाच्या हातचं आहे हे मेगरला कळत नाही. तसंच "बायकांची बोटं नाजूक, म्हणून तार सुबक बसते" हेही. माझ्या वडिलांची बोटं सुतळीच्या गुंड्यासारखी जाड होती, आणि त्यांच्याइतकं सुबक वाइंडिंग मला आजही जमत नाही. पाच एचपीची मोटर उचलायची वेळ आली की मी चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावते. मित्र ती हाताने उचलायला जातो, मग कंबर धरून बसतो. फरक खरा कुठे आहे आणि आपण चिकटवलेला कुठे आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं. ते एकदम ठरवून मोकळं होणारे लोक, मग ते 'सगळं सारखंच' म्हणणारे असोत की 'सगळंच वेगळं' म्हणणारे, मला दोघेही आळशी वाटतात.

घाटात तो माझ्यासाठी वेग कमी करत नाही, हे मला त्याच्या मैत्रीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आमचं ठरलेलं आहे. चढ ज्याचा त्याने चढायचा, वर गेल्यावर भेटायचं, उतार सोबत. पाळीच्या दिवसांत मी सांगते, आज अर्ध्यातून वळणार. सुरुवातीला तो संकोचायचा. मग एके दिवशी त्याने सरळच विचारलं, नेमकं काय होतं, पळताना कसं वाटतं, कोणत्या दिवशी जास्त. मी सांगितलं. त्याची मुलगी आता त्या वयाला आली आहे, आणि त्या घरात हा विषय बापासमोर निघतो.

गेल्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले. तेराव्यानंतर एका संध्याकाळी तो माझ्या गाळ्यात येऊन बसला आणि रडला. बराच वेळ. मी सबमर्सिबल पंपाच्या मोटरमध्ये तार भरत होते, ते काम मी थांबवलं नाही, कारण मी टक लावून बघत बसले असते तर तो बोललाच नसता. जाताना त्याने विचारलं, "तू बाई आहेस म्हणून मी तुझ्यापाशी रडलो का गं?"

मी थोडा विचार करून सांगितलं, "थोडं तसंच असेल." समजूत काढायचा माझा स्वभाव नाही, हे त्याला माहीत आहे. पण त्याला लहानपणापासून शिकवलं गेलं, की पुरुषांसमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही, आणि त्याच्यासमोर मी बाई म्हणूनच बसले होते. हे नाकारून मी त्याला काय दिलं असतं? मी त्याला एवढंच म्हटलं, की माझ्याकडे कधीही ये, पण तुझ्या कट्ट्यावर वीस वर्षांची दोस्ती असलेले गडी आहेत, त्यांचेही बाप गेलेत, त्यांच्याशी बोल.

दिवाळीनंतर तो दोघांशी बोलला. एकाने विषय बदलला. दुसरा रात्री उशिरापर्यंत त्याच्यासोबत बसला, आणि आता बुधवारी पहाटे तोही आमच्याबरोबर पळायला येतो. घाटात तो माझ्याही मागे असतो.