माझा अनुभव : ४०७ चं हेड गॅस्केट आणि "उद्या या"

जुन्या डिझेल गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामध्ये गॅस-पाणी अडवणारा पातळ थर, बदलायला किती दिवस लागतात, असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो : गाडीवर दीड दिवस, हेड मशीनिंगला बारा. यातले सहा दिवस तरी वाचले असते. तेच सांगायला बसलोय, कारण ऐन मे महिन्यात, टोमॅटोच्या हंगामात गाडी दारात उभी राहणं काय असतं ते नारायणगावच्या बाजूचा कुठलाही गाडीवाला जाणतो.

गाडी २००१ ची ४०७, टाटाचा छोटा ट्रक, अण्णांनी घेतलेली. इंजिन ४९७, म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास), २९५६ सीसी. जाताना टोमॅटोचे क्रेट कल्याणला, येताना मिळेल ते भाडं. त्या रात्री खताच्या गोण्या होत्या. टोकावडं सोडून माळशेज चढायला लागलो आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बाजूला घेऊन पाऊण तास थांबलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेले हात मी पाहिलेत, तेव्हा कितीही घाई असली तरी थांबा. पाणी भरून चालू केली तर रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे, एकसारखे, भात शिजताना येतात तसे.

सकाळी घरी खात्री केली. इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल केला, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. तिसऱ्याचा सैल केल्यावर बुडबुडे एकदम कमी झाले, म्हणजे गॅस तिथूनच पाण्यात जात होता. हे करताना चेहरा आणि हात लांब ठेवा, डिझेल मोठ्या प्रेशरने उडतं. ऑइलची पट्टी मात्र काळीच होती. ती चहासारखी दुधट झाली असेल, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलं असेल, तर इंजिन अजिबात चालवू नका.

हेड उतरवणं संध्याकाळपर्यंत झालं. गॅस्केट हातात घेतलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत करंगळीएवढा काळा, जळका पट्टा. हेड तालुक्याच्या गावात एका मशीनवाल्याकडे फेस मारायला, म्हणजे खालची बाजू मशीनवर घासून सपाट करायला दिलं. तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी गेलो तर हेड मी ठेवलं होतं तिथंच, फरशीवर, फेसची बाजू खाली करून. "लाइट नव्हती, उद्या या." तिसऱ्या दिवशी कारागीर लग्नाला गेलेला. चौथ्या दिवशी हेडावर खडूने नंबर पडला, एवढीच प्रगती. नोझलच्या भोकांत लोखंडाचा भुसा जमायला लागला होता. मी माझ्या फडक्याने पुसला आणि भोकांत कागदाचे बोळे कोंबले. पाचव्या दिवशी सकाळी नऊला जाऊन ऑइलच्या रिकाम्या ड्रमवर बसलो. माझ्यामागून आलेल्या ट्रॅक्टरचं हेड दुपारी मशीनवर चढलं, कारण तो शेठच्या ओळखीचा. मी विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं काय पळून चाललंय का?" घरी वीस-वीस किलोचे भरलेले क्रेट दुसऱ्याच्या गाडीत चढत होते आणि मी इथे बसलेलो. तो राग अजून उतरलेला नाही.

सहाव्या दिवशी हेड मिळालं. आरशासारखं चकचकीत. मी पैसे मोजले, रिक्षात घालून घरी आणलं आणि मामांना फोन केला. मामा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी हेड बघून पहिला प्रश्न केला, "प्रेशर टेस्ट केली का?" मी म्हणालो, "त्यांनी डोळ्यांनी बघितलं, तडा नाही म्हणाले." मामा खालीच बसले. "अरे, वॉल्व्हच्या मधली चीर डोळ्याला दिसते का? गाडी तापली होती ना? मग आधी टेस्ट, मग फेस. बसवू नकोस."

तर लक्षात ठेवा, आणि हेड देताना मशीनवाल्याकडून कबूल करून घ्या : गाडी तापून गॅस्केट गेलं असेल तर फेस मारण्याआधी प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद करतात, आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. पाणी गरमच हवं, कारण थंड लोखंडात चीर मिटलेली असते.

सातव्या दिवशी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या पोराने हेड टाकीत सोडलं आणि दोन मिनिटांत मला हाक मारली. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन वॉल्व्हच्या सीटच्या (वॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्यांच्या) मधून मोहरीएवढे बुडबुडे वर येत होते. एक फुटला की दुसरा. मी कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिलो. सहा दिवस थांबून मी तडा गेलेल्या हेडाला फेस मारून आणला होता, आणि मामा नसते तर तेच बसवून पुन्हा घाटात अडकलो असतो.

पहिल्या मशीनवाल्याकडे परत गेलो. "टेस्ट करा असं तुम्ही बोलला नव्हता," एवढंच उत्तर. पैसे मिळाले नाहीत. माझं म्हणणं आजही तेच आहे : ज्याचा हा धंदा आहे त्यानेच आधी विचारायला हवं की गाडी तापली होती का.

जुनं हेड शोधण्यात तीन दिवस गेले. जुन्या स्पेअरच्या बाजारात "एकदम ओके" असं सगळेच म्हणतात. मी टेस्ट पास झाली तरच पैसे, असं बोलून घेतलं. दोन हेडं नापास झाली, तिसरं पास झालं. बाराव्या दिवशी भोसरीहून फेस मारून, सीट ग्राइंड करून हेड घरी आलं. त्या पोराने माझ्यासमोर सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या दिशांना ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घालून दाखवलं. दोन थाऊची, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश जाडीची पात कुठेच शिरली नाही. वॉल्व्ह किती खोल बसलेत तेही त्याने मोजलं, कारण फेस मारल्यावर वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. नोझलचं टोकही जास्त बाहेर येतं. तांब्याचा वॉशर बघून घालावा लागतो. पहिल्या ठिकाणी यातलं काहीच कोणी मोजलं नव्हतं.

ब्लॉकवरही तीच पट्टी फिरवा. आम्ही फिरवली, ठीक होता. मधे एक राहिलं : हेडच्या बोल्टची भोकं. त्यात पाणी किंवा ऑइल साचलेलं असलं तर बोल्ट तळाला आदळतो, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) "कट" म्हणतो आणि हेड मात्र दबलेलं नसतं. कधी ब्लॉकही फुटतो. आम्ही एकेका भोकात चिंधी फिरवून हवा मारली. डोळ्यांवर चष्मा घालूनच हवा मारा, मामांच्या डोळ्यात एकदा असंच ऑइल गेलेलं आहे.

टॉर्क मामांनी मारला. मधल्या बोल्टपासून गोल गोल बाहेर, चार फेऱ्यांत, आकडा पुस्तकातला. मी प्रत्येक बोल्टवर खडूची रेघ मारत गेलो, म्हणजे एकही सुटायला नको. मग टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट लावली, मग हातपंपाने डिझेलमधली हवा काढली. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. मामांनी रेडिएटरच्या तोंडावर बॅटरी धरली. पाणी स्थिर होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

गाडी तापली कशाने, हेही सांगायलाच हवं. वर्षानुवर्षं आम्ही बोअरचं पाणी भरत आलो. रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. तो साफ करून घेतला, कूलंट भरलं, आणि आधीच्या कोणा मिस्त्रीने काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा वॉल्व्ह) परत बसवला. हे न करता नुसतं गॅस्केट बदललं असतं तर नवं हेडही गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात कल्याणची खेप केली. आल्यावर इंजिन रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी मामांनी पुन्हा पाना लावला. आमचं गॅस्केट जुन्या पद्धतीचं, त्याला दुसऱ्यांदा टॉर्क लागतो. एकेक बोल्ट किंचित सैल करून त्याच क्रमाने आवळला. दोन बोल्ट खडूच्या रेघेच्या पुढे सरकले. मामांनी त्या रेघा पुसल्या, नव्या मारल्या आणि टॅपेटसाठी माझ्याकडून फिलर गेज मागून घेतलं.