खुडूक कोंबडीचे २१ दिवस

आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसली, तेव्हाच ठरवलं की या खेपेला पिल्लं तिच्याच पोटाखाली काढायची. उबवणी यंत्रातही पिल्लं निघतात, पण ज्याच्या परसात मोजक्याच कोंबड्या आहेत त्याच्यासाठी खुडूक कोंबडी यंत्रापेक्षा केव्हाही सरस, असं माझं ठाम मत झालंय. ऊब किती, ओलावा किती, अंडी कधी फिरवायची, हे सगळं ती जाणते. वीज गेली तरी तिचं काही अडत नाही. आपण तिच्या वाटेतले अडथळे तेवढे दूर करायचे आणि गप्प बसायचं. यातलं गप्प बसणंच सगळ्यात अवघड.

कोंबडी खरंच खुडूक झालीय का, याची खात्री आधी करून घ्यावी. एखादी दुपारभर घरट्यात बसते आणि संध्याकाळी उठून दांडीवर जाते. तिच्या भरवशावर अंडी ठेवू नयेत. तांबडी रात्रीही घरटं सोडेना. हात जवळ नेला की अंगावरची सगळी पिसं फुलवायची, घशातून गुरगुरायची, वेळप्रसंगी चोचही मारायची. तिचं अंडी देणं थांबलं होतं. उचलून पाहिलं तर छाती-पोटाखालची पिसं गेलेली आणि कातडी उघडी, चांगली गरम. ही उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते, म्हणून ऊब नीट पोहोचते. हे हाताला लागलं आणि माझी शंका फिटली.

मग अंडी गोळा करायला घेतली. कोंबड्यांत कोंबडा फिरत असेल तरच अंड्यातून पिल्लू निघणार, हे उघडच आहे. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, थंड सावलीत निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. तडकलेली, वेडीवाकडी, फार मळलेली बाजूला काढली. मळकी अंडी धुऊन घेण्याचा मोह होतो, पण कवचावर एक नैसर्गिक थर असतो. तो गेला की कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतूंना आत शिरायला वाट मिळते. मध्यम अंगाच्या कोंबडीखाली १०-१२ अंडी मावतात. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात आणि ती अंडी सारखी आतबाहेर सरकवते, त्यामुळे सगळ्यांचंच नुकसान. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली, कारण दुसऱ्या कोंबड्यांना नेमकं तिच्याच घरट्यात अंडं घालायचं असतं. बिनखुणेचं अंडं दिसलं की ते नवं, लगेच काढायचं. सगळी अंडी एकाच वेळी ठेवली तरच पिल्लं बरोबरीने निघतात.

तांबडीला हलवलं ते रात्री, अंधारात. दिवसा हलवली तर जुन्या जागेकडे धावते. वाऱ्यापावसापासून आडोसा असलेल्या शांत कोपऱ्यात खोक्यात वाळलेलं गवत घालून घरटं केलं होतं. त्याआधी तिच्या पिसांत उवा-पिसवा नाहीत ना हेही पाहून घेतलं, कारण जागची न हलणारी कोंबडी त्यांच्या तावडीत सहज सापडते. दाणापाणी मुद्दाम चार पावलं लांब ठेवलं. दिवसातून एकदा ती उठते, दाणे टिपते, पाणी पिते, एक मोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते, मातीत लोळते आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन बसते. तेवढ्या वेळात अंडी थोडी निवली तरी बिघडत नाही. एरवी ती तंद्रीत असल्यासारखी बसून असते. मधूनच चोचीने एखादं अंडं पोटाखाली ओढते, फिरवते, पुन्हा डोळे मिटते.

सातव्या दिवसानंतर अंधार पडल्यावर एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरून पाहिलं. बोथट टोकाला हवेची पोकळी दिसते. तिच्याखाली तांबूस उजेडात बारीक लाल शिरांचं जाळं पसरलेलं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका हलला. मी अंडं हातात तसंच धरून राहिले, पुढचं उचलायचं सुचेना. काही अंडी मात्र स्वच्छ, आरपार दिसणारी निघाली. त्यांत काहीच धरलं नव्हतं. ती काढून टाकली, कारण पुढे ती सडून फुटली तर बाकीच्यांनाही धोका.

अठराव्या दिवसानंतर घरट्यात हात घालायचा नाही, हा नियम मी काटेकोर पाळला. या काळात पिल्लू डोकं हवेच्या पोकळीच्या बाजूला आणून बाहेर पडायची तयारी करत असतं, आणि कोंबडीही अंडी फिरवणं थांबवते. मग एका सकाळी दाणे ठेवायला गेले तर तांबडीचा आवाजच बदललेला. आतापर्यंतची गुरगुर नाही, एकदम खालच्या सुरात, थांबत थांबत ‘कुक्... कुक्...’ आणि तिच्या पोटाखालून अगदी बारीक ‘चिव’. कवच अजून फुटलेलं नव्हतं. पिल्लू आतल्या आत पोकळीत चोच काढून पहिला श्वास घेतं, तेव्हापासूनच त्याचा आवाज ऐकू येतो. पिल्लू बोलायचं, ती उत्तर द्यायची. जन्माआधीच त्यांची ओळख होत होती! एवढ्या सगळ्या खटपटीत मला सगळ्यात जास्त आनंद या आवाजाने दिला, आणि तो ऐकण्यासाठी मी हे सगळं पुन्हा आनंदाने करीन.

कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. ते थोडं टोचतं, थांबतं, झोपतं. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, कवच सोलून त्याला मोकळं करावंसं वाटतं. ते करू नये. आतल्या पातळ पडद्यात तोवर रक्त वाहत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललं तर पिल्लू रक्त जाऊनच मरतं. आणि हाच पोटातला बलक त्याला पुढे दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून आधी निघालेली पिल्लं उपाशी नसतात आणि उशिरा निघणाऱ्यांसाठी आई खुशाल बसून राहू शकते.

ओली, मलूल पिल्लं काही तासांतच वाळून गुबगुबीत होतात. पाण्याचं भांडं उथळ घेतलं आणि त्यात खडे टाकले, नाहीतर इवलीशी पिल्लं त्यातही बुडतात. दाणे टिपायला मात्र मी शिकवलं नाही. तांबडी एक दाणा चोचीत उचलायची, पिल्लांसमोर टाकायची, पुन्हा उचलायची आणि भरभर हाका मारायची. सगळी धावत येऊन त्याच दाण्यावर तुटून पडायची. आभाळात घार दिसली की तिचा एकच तीक्ष्ण आवाज, आणि पिल्लं क्षणात पंखांखाली गडप. मांजरासाठी मात्र जाळी लागतेच. तिथे आईच्या शौर्यावर विसंबून चालत नाही.

आता पिल्लांना पिसं फुटलीत, काहींचे तुरे लालसर दिसू लागलेत, म्हणजे ते बहुधा कोंबडे. तांबडी त्यांना दाण्यावरून हळूहळू हुसकायला लागलीय. थोड्याच दिवसांत ती पुन्हा दांडीवर झोपायला जाईल आणि अंडी द्यायला लागेल. त्याआधी पिल्लांसाठी मोठं खुराडं बांधून व्हायला हवं. त्याचं माप कालच घेतलं.