आमची वाटचाल : चार डंक आणि एकोणीस दिवसांचं सील

हडपसरला आमचं मसाला कांडप आहे, वडिलांनी दोन डंकांवर, म्हणजे उखळात मुसळाने कांडणाऱ्या यंत्रांवर, सुरू केलं, आज चार आहेत. पल्वरायझर, म्हणजे दळून भुकटी करणारं यंत्र, आम्ही कधीच घेतला नाही, त्यात मिरची तापते, रंग उतरतो. मुसळाचा लोखंडी बूट झिजला की आजही मी स्वतःच बदलतो, दुसऱ्याच्या हातचा बसतच नाही नीट.

चांगली वर्षं गेली त्याचं काय सांगायचं, सांगायचंय ते एप्रिल २०१४ चं. आदल्या वर्षी १ एप्रिलला पुण्यात एलबीटी, म्हणजे महापालिकेचा स्थानिक संस्था कर, लागलेला, ब्याडगीहून थेट मिरची आणली की पोतं न् पोतं वहीत लिहा, चलन भरा, डंकासमोर उभा राहणारा माणूस मी, रात्री बिलं लावत बसायचो. त्यात तिसरा डंक बसवायला घेतला. विजेचा वाढीव लोड मागितला तर म्हणे परवाना आणा, परवान्याला गेलो तर म्हणे आधी लोडचं पत्र आणा, असे चार महिने गेले आणि ऐन सीझनला कुणाच्या तरी तक्रारीवरून गाळ्याला सील. १९ दिवस! मार्च ते मे हीच आमची वर्षाची कमाई. आत बायकांचे भाजलेले मसाले अडकले, ते सगळे मऊ पडले.

गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, त्यांचं काही चुकलं नाही. फक्त खानावळवाल्या मावशी थांबल्या. स्वतःची ४० किलो मिरची रोज गच्चीवर घालायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. वर १०,००० रुपये माझ्या हातावर ठेवले, म्हणाल्या, "पोरांचा पगार थांबवू नकोस रे."

नवीन धंदेवाल्यांनो, कुठलाही अर्ज दिला की पोच घ्याच, शिक्का-तारखेसकट. आमचं सील निघालं ते पोच होती म्हणून. आणि मिरचीचे देठ काढूनच वाळवा.

पुढे ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींखालच्या उलाढालीवाल्यांचा एलबीटी गेला. डिसेंबर २०१७ ला दहाच्या आत कामगार असतील तर गुमास्त्याचं, म्हणजे दुकान कायद्याचं, रजिस्ट्रेशन गेलं, ऑनलाइन माहिती कळवली की झालं. आम्ही सहा जण, नूतनीकरणाची रांगच संपली. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं ना? मग लोडचा आणि परवान्याचा अर्ज एकच करा, एका खात्याला दुसऱ्याचा कागद लागला तर त्यांनीच मागवून घ्यावा, आम्हाला का पळवता. तपासणीला आमची ना नाही, उखळात हात घालून बघा. फक्त जूनमध्ये या, पाऊस लागला की दोन डंक बंदच असतात, सगळं उघडून दाखवतो.